कंबोडिया: जायच्या आधी काय वाचावं, काय बघावं, कुठे शोधावं?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी,
पुढच्या हिवाळ्यात आईबाबांना घेऊन कंबोडियाला जायचं घाटतंय. तिकिटं, हॉटेलं हे भाऊ बघतोय त्यामुळे हा धागा त्यासाठी नाही. मला त्या देशाबद्दल जरा नीट वाचायचंय आणि नेमकं तेच सापडत नाहीये. गुगल केलं की "सिएम रीप तीन दिवसांत", "अंकोर वाटचा सूर्योदय कुठून टिपावा", "पब स्ट्रीटवर काय खावं" एवढंच, आणि मराठीत शोधलं तर "जगातलं सगळ्यात मोठं हिंदू मंदिर भारतात नाहीच!!!" हा एकच लेख सतरा साइटवर चिकटवलेला, शुद्धलेखनाच्या चुकांसकट तोच.

बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना तिथल्या शिलालेखांचं वेड लागलंय. आईला नाचगाणी, सणवार, लोक घरी काय करतात त्यात रस. आणि मला ख्मेर रूज म्हणजे सत्तरच्या दशकातल्या तिथल्या जुलमी कम्युनिस्ट राजवटीबद्दल समजून घ्यायचंय, आपल्या शाळेत यातलं अवाक्षर नव्हतं. इंग्रजी चालेल, फ्रेंच अजिबात येत नाही, फुकट असेल तर सोन्याहून पिवळं. मराठीत काही असेल तर जरूर सांगा.

जुनं_दप्तर

धागा आवडला. आधी तुमच्या बाबांसाठी लिहितो कारण तो माझा प्रांत आहे.

ख्मेर (म्हणजे कंबोडियाचे मूळ लोक) शिलालेखांना प्रत्येकी एक नंबर दिलेला असतो, के अक्षर आणि पुढे आकडा. हे एकदा कळलं की अर्धं काम झालं, कारण राजाच्या नावाने शोधलंत तर शंभर टुरिस्ट पानं येतील, नंबराने शोधलंत तर थेट अभ्यासकांचे लेख येतात. काही नंबर लिहून ठेवा. के २३५ म्हणजे स्दोक काक थोमचा लेख (हा दगड आता थायलंडमध्ये आहे), त्यात दुसऱ्या जयवर्मनने महेंद्रपर्वतावर म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर विधी करून स्वतःला सार्वभौम राजा म्हणवून घेतलं ती गोष्ट येते, साल ८०२ धरतात. पुढची सगळी देवळं: के २७३ हा ता प्रोह्मचा, के ९०८ प्रेआ खानचा, के ८४२ बान्ते स्रेईचा, आणि के ८०६ प्रे रूपचा, जो जवळपास ३०० श्लोकांचा आहे, बाबांना महिनाभर पुरेल.

आणि त्यांना हे सांगाच की कालगणना शके आहे! म्हणजे आपल्या कालनिर्णयच्या वरच्या कोपऱ्यात असतो तोच शक. ७८ मिळवा, इसवी सन आलं. कधीकधी आकडा न देता शब्दांत साल दिलेलं असतं, भूतसंख्या पद्धतीने (ठरावीक शब्द म्हणजे ठरावीक आकडा), तिथे संस्कृतवाल्या माणसाला जी मजा येईल ती आपल्याला नाही यायची.

आता मिळेल कुठे? जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडिताने आठ खंडांत हे लेख छापले, रोमन लिपीत मूळ आणि फ्रेंच भाषांतर. फ्रेंच येत नसलं तरी मूळ श्लोक वाचता येतात की. पूर्वी हनोईत असलेल्या फ्रेंच अभ्याससंस्थेचं बुलेटिन १९०१ पासूनचं 'पेर्से' नावाच्या फ्रेंच सरकारी साइटवर फुकट आहे, ता प्रोह्मच्या लेखाचं भाषांतर त्याच्या १९०६ च्या अंकात सापडेल. इंग्रजीत हवं असेल तर रमेशचंद्र मजुमदारांचं 'इन्स्क्रिप्शन्स ऑफ कंबुज', १९५३, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने काढलेलं. त्यांचंच त्याआधीचं 'कंबुजदेश' (१९४४) म्हणजे मद्रास विद्यापीठातली व्याख्यानं, ते छोटं आणि वाचनीय आहे. इंटरनेट आर्काइव्हवर शोधा.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, एवढं वाचून कोण जाते हो फिराले? मी गेलो, सायकल भाड्यानं घेतली, झाडात घुसलेली देवळं पाह्यली, नारळपाणी पेलो, वापस. लय मजा आली. काही अडलं नाही.

ओसरीवरची

@वऱ्हाडी_ठेचा, तुम्ही सायकलवर गेलात, माझ्या बाबांना घेऊन जायचंय, ते प्रत्येक दगडापाशी "याचा अर्थ काय?" विचारणार आणि उत्तर मला द्यावं लागणार :)

@जुनं_दप्तर काका, हे सोनं आहे, के नंबरचं माहीतच नव्हतं. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते शके ऐकून एकदम खूष. एक विचारते, या लेखांत नेमकं असतं काय, नुसती राजांची स्तुती?

जुनं_दप्तर

संस्कृत भागात बहुतेक स्तुतीच, देवाला नमन, राजाची वंशावळ, तो कसा कार्तिकेयासारखा वगैरे. पण त्याच दगडावर खाली जुन्या ख्मेर भाषेत गद्य असतं आणि तिथे हिशोब येतो. जमीन किती, हद्द कुठून कुठे, तांदूळ किती, देवळाला दिलेले दास कोण, त्यांची नावानिशी यादी. देवाशी बोलायला संस्कृत आणि तलाठ्याशी बोलायला ख्मेर असा सगळा कारभार. ता प्रोह्मचा लेख मात्र संस्कृतच आहे तरी आकड्यांनी भरलेला: देवळाच्या सेवेला ३,१४० गावं, ७९,३६५ माणसं, आणि राज्यभर १०२ आरोग्यशाळा. सातवा जयवर्मन, ११८६ साल. हे आकडे वाचून मग तिथल्या देवळात शिरलेल्या झाडाच्या मुळांपाशी उभं राहिलं की फोटोची रांग सोडून बाकीचंही दिसतं.

अजून एक, नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात के १२७ मांडलेला आहे. शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, आणि त्या ६०५ मधलं शून्य ठळक टिंबाने कोरलंय. तारीख माहीत असलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी एक. बरेच लोक त्याच्यासमोरून न बघता जातात.

शिवशंभो_७७

चांगली माहिती. पण खरा इतिहास या फ्रेंच लोकांनी लपवला हे कोणी लिहीत नाही. पूर्ण आग्नेय आशिया आपली वसाहत होती, आपल्या राजांनी जिंकलेला. आता तिथले गाईड अंकोर वाटला बौद्ध मंदिर म्हणून सांगतात. मूळ विष्णू मंदिर आहे ते.

तोंडलीभात

@शिवशंभो_७७, मूळ विष्णूचं हे कोणीच लपवत नाही हो, सरकारी पाटीपासून प्रत्येक पुस्तकात पहिल्या परिच्छेदात असतं. दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलं, विष्णूचं, तोंड पश्चिमेला. नंतर तिथे थेरवाद आला आणि ते बौद्ध झालं, आजही भिक्खू राहतात. आणि विष्णू कुठे गेला म्हणाल तर पश्चिमेच्या दरवाज्यात आठ हातांची मोठी मूर्ती आहे, तिला स्थानिक लोक 'ता रीच' म्हणतात, राखणदार दैवत म्हणून फुलं, उदबत्त्या, सगळं चालू असतं. विष्णू म्हणून पूजत नसतील पण पूजतात ना.

जिंकण्याबद्दल: कुठल्या भारतीय राजाने कंबोडिया जिंकल्याचा पुरावा नाही. मजुमदारांच्या पिढीने 'हिंदू वसाहती' हा शब्द वापरला तो त्या काळात, स्वातंत्र्याच्या आधी, आपल्याला जे ऐकायचं होतं त्याला धरून. आजचे अभ्यासक म्हणतात की तिथल्या राजांनी स्वतःहून निवडून घेतलं, काय घ्यायचं ते घेतलं, नको ते टाकलं. जातिव्यवस्था उदाहरणार्थ आपल्यासारखी तिथे रुजली नाही. म्हणून मजुमदार वाचा पण एकटे वाचू नका, सोबत चार्ल्स हायम (द सिव्हिलायझेशन ऑफ अंकोर, २००१) किंवा मायकेल को (अंकोर अँड द ख्मेर सिव्हिलायझेशन, २००३) ठेवा.

शिवशंभो_७७

ठीक आहे, तुमचं मत तुमच्यापाशी. ता रीचबद्दल माहीत नव्हतं, बघेन.

मांडवीकाठ

गोव्यातून एक जोड. अंकोरबद्दल (ख्मेर राजांची जुनी राजधानी) युरोपियन माणसाने दिलेली सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक हकीकत गोव्यात लिहिली गेली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अंतोनियो दा मादालेना नावाचा कापुचिन पाद्री १५८० च्या दशकात अंकोरला जाऊन आला, त्याने पाहिलेलं दियोगु दु कोतु याला सांगितलं. हा कोतु म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरखान्याचा पहिला प्रमुख, सरकारी इतिहासकार. त्याचं ते प्रकरण छापायचं राहून गेलं आणि विसाव्या शतकात सापडलं, बर्नार फिलिप ग्रोस्लिए यांनी १९५८ मध्ये त्यावर पूर्ण पुस्तक केलं. इंग्रजी भाषांतरही आहे.

त्यामुळे "१८६० मध्ये आन्री मूओ या फ्रेंच प्रवाशाने अंकोर शोधून काढलं" असं जिथे लिहिलेलं दिसेल तो लेख तिथेच बंद करावा असं माझं मत. १६३२ मध्ये एक जपानी यात्रेकरू तिथे येऊन खांबावर शाईने नाव, तारीख लिहून गेलाय, त्याला ते बुद्धाचं भारतातलं जेतवन विहार वाटलं होतं. लोक येतच होते. हरवलं वगैरे काही नव्हतं, फक्त पॅरिसला माहीत नव्हतं.

तोंडलीभात

+१ मांडवीकाठ. हा कोतुचा भाग मलाही नवीन, वाचनखूण साठवली.

जुन्या हकीकतींचा विषय निघालाच आहे तर एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी चौ तागुआन सांगेन. चिनी वकिलातीसोबत आलेला माणूस, ऑगस्ट १२९६ ते जुलै १२९७ अंकोरला राहिला आणि परत जाऊन लिहिलं. देवळं जिवंत असतानाची हीच एक लांबलचक डोळ्यांनी पाहिलेली हकीकत आपल्या हातात आहे. आणि लिहितो काय, तर बाजार बायका चालवतात, दुकानं नाहीत, जमिनीवर चटया टाकून बसतात, जागेचं भाडं अधिकाऱ्याला देतात. कपडे, आंघोळी, बाळंतपण, दारू, राजाची मिरवणूक, सगळ्यात नाक खुपसतो, काही ठिकाणी ऐकीव गप्पाही ठोकून देतो. पीटर हॅरिस यांचं २००७ चं भाषांतर थेट चिनीवरून आहे, ते घ्या. जुनी इंग्रजी भाषांतरं फ्रेंचवरून केलेली असायची. पुस्तक अगदी बारीक आहे, विमानात संपेल.

ते वाचून अंकोरमधल्या बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघा, दक्षिण बाजूची. कोंबड्यांची झुंज, बाजार, स्वयंपाक, बाळंतीण, बुद्धिबळासारखा खेळ, सगळं कोरलेलं आहे. @ओसरीवरची, तुमच्या आईला तिथेच बसवा, देवळांपेक्षा हेच आवडेल.

कर्वेनगरकर

मंदिरांच्या माहितीसाठी जाड पुस्तकं उचलून न्यायची गरज नाही. मॉरिस ग्लेझ हे १९३७ ते ४५ अंकोरचे संवर्धक होते, त्यांचं १९४४ चं गाईडबुक इंग्रजी भाषांतरात पीडीएफ म्हणून फुकट फिरतंय. प्रत्येक देवळाचा नकाशा, कुठून शिरायचं, उजेड सकाळी चांगला की दुपारी, काय बघायचं. भाषा जरा जुन्या वळणाची पण माणूस रोज तिथे उभा राहिलेला आहे हे प्रत्येक पानावर कळतं. नंतरचे शोध त्यात नाहीत अर्थातच, २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझर टाकून (लायडार म्हणतात त्याला) जंगलाखालच्या रस्त्यांची, तळ्यांची जाळी सापडली, कुलेनवरचं महेंद्रपर्वत शहर नकाशावर आलं, त्यासाठी डेमियन इव्हान्स हे नाव टाकून शोधा, त्यांचे पेपर आणि भाषणं दोन्ही मिळतील.

मराठीत म्हणाल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातली नोंद तोंडओळखीला ठीक, पण जुनी आहे हे ध्यानात ठेवून वाचा. बाकी मराठीत प्रवासवर्णनं तुरळक आहेत आणि ती अंकोरच्या वेशीबाहेर फारशी जात नाहीत.

निळी_चिमणी

सगळे देवळांवरच अडकलेत म्हणून लिहितेय. मूळ धाग्यात ख्मेर रूजबद्दल विचारलंय आणि मला वाटतं या देशाबद्दल काही वाचायचं तर ते आधी. कारण तुम्ही तिथे ज्या साठीच्या टुकटुकवाल्याशी बोलाल तो लहानपणी त्यातून गेलेला असतो. १७ एप्रिल १९७५ ला नॉम पेन पडलं, ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी सैन्याने ख्मेर रूजला हाकललं, मधल्या पावणेचार वर्षांत सुमारे १५ ते २० लाख माणसं गेली, उपासमार, आजार, राबवून राबवून आणि सरळ सरळ मारून.

माझा वाचनाचा क्रम असा झाला. आधी डेव्हिड चँडलर यांचं 'अ हिस्ट्री ऑफ कंबोडिया', पूर्ण देशाचा इतिहास एका खंडात, यात अंकोरनंतरची चारशे वर्षं, लोंगवेक, उदोंग या राजधान्या, एकीकडून सयाम (आजचं थायलंड) एकीकडून व्हिएतनाम, १८६३ चं फ्रेंच संरक्षण, १९५३ चं स्वातंत्र्य, राजा सिहानूक, १९७० चं सेनापती लोन नोलचं बंड हे सगळं येतं, आणि हे कळल्याशिवाय १९७५ कळत नाही. अमेरिकन बॉम्बफेक तर धरायलाच हवी. मग एलिझाबेथ बेकर, 'व्हेन द वॉर वॉज ओव्हर', त्या पत्रकार होत्या आणि १९७८ च्या डिसेंबरात प्रत्यक्ष ख्मेर रूजच्या नेत्याला, पोल पॉटला भेटलेल्या मोजक्या पाश्चात्त्यांपैकी एक. मग लूंग उंग यांचं 'फर्स्ट दे किल्ड माय फादर', लहान मुलीच्या नजरेतून, यावर २०१७ मध्ये सिनेमाही आला. हे शेवटी वाचा असं सांगेन, कारण हेच पहिलं वाचलं तर बाकीचं कोरडं वाटतं आणि मग वाचलंच जात नाही.

फुकट आणि अस्सल: डॉक्युमेंटेशन सेंटर ऑफ कंबोडिया. १९९५ पासून कागद, फोटो, मुलाखती गोळा करतात. त्यांनी २००७ मध्ये तिथल्या शाळांसाठी लोकशाही कंपुचियाचा (ख्मेर रूजने देशाला दिलेलं नाव) इतिहास म्हणून पाठ्यपुस्तक काढलं, खांबोली दी यांनी लिहिलेलं, इंग्रजी पीडीएफ त्यांच्याच साइटवर. त्याआधी तिथल्या मुलांनाही शाळेत हे धड शिकवलं जात नव्हतं, घरात आजी सांगायची आणि नातवंडांचा विश्वास बसायचा नाही. दुसरं, ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची कागदपत्रं, निकाल, साक्षी सगळं ऑनलाइन आहे. २०१० मध्ये डुइकचा म्हणजे एस-२१ तुरुंगाच्या प्रमुखाचा निकाल लागला, शेवटचं अपील २०२२ मध्ये संपलं. मोठ्या नेत्यांपैकी शिक्षा झाली ती अवघ्या तिघांना, पोल पॉट १९९८ मध्येच मेला होता. निकालाचा सारांश वाचा, पूर्ण वाचायला वकीलच लागेल.

ओसरीवरची

निळी_चिमणी, खूप आभार. एक प्रामाणिक प्रश्न, आईबाबांना तुओल स्लेंगला (तोच एस-२१ तुरुंग, आता संग्रहालय) न्यावं का? आईला रक्तदाब आहे, सिनेमात मारामारी आली तरी उठून जाते.

निळी_चिमणी

मी माझ्या सासूबाईंना नेलं नाही. ती आधीची शाळा आहे, वर्गांचे तुरुंग केलेले, बारा हजारांहून जास्त माणसं तिथे आणली आणि हातावर मोजण्याइतकी वाचली. कैद्यांचे फोटो ओळीने लावलेत आणि ते सगळे कॅमेऱ्यात सरळ बघतायत. बाबांना विचारून ठरवा, आईला त्या वेळात राजवाड्यात पाठवा. ऑडिओ गाईड मात्र जरूर घ्या, च्योंग एक या वधस्थळीही. तिथे मधूनमधून बाकं आहेत, ऐकत बसता येतं, ते बरं पडतं.

आणि कृपया सगळ्यांनाच विनंती, तिथे दात काढून सेल्फी नको. पाट्या लावल्यात तरी करतात.

नॉमपेनवाली

अगं मी इथेच राहते, कामानिमित्त आलो नि राहिलो. धागा उशिरा बघितला. राजवाड्याचं सुचवलंय ते योग्य, तिथे रूपेरी पॅगोडाच्या भोवतीच्या ओवरीत 'रीमकेर' म्हणजे इथलं रामायण भिंतीभर रंगवलंय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, काही भाग पार झिजलाय. हनुमान आणि जलपरी सुवण्णमच्छा यांची प्रेमकथा बघून आईंना धक्का बसेल, तयारी करून आणा :D इथला हनुमान ब्रह्मचारी नाही बरं का.

सणांचं म्हणाल तर प्चुम बेन. भाद्रपदाचा कृष्णपक्ष, पंधरा दिवस, शेवटचा दिवस अमावस्येचा. आपल्याकडे सर्वपित्री तेव्हा इथे अख्खा देश गावी जातो, पहाटे अंधारात पॅगोडात भाताचे गोळे पितरांसाठी टाकतात. माझी शेजारीण सात पॅगोडांना जाते, कारण पितर आपल्याला शोधत सात ठिकाणी हिंडतात आणि अन्न नाही मिळालं तर शिव्याशाप देतात म्हणे. मला इथे येऊन पहिल्यांदा "हे आपलंच आहे" वाटलं ते देवळात नाही, या पंधरवड्यात. तुम्ही हिवाळ्यात येताय म्हणजे ते चुकेल, पण वाचा त्याबद्दल. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला पाण्याचा सण असतो, नौकांच्या शर्यती, तोन्ले साप नदीचा प्रवाह पावसाळ्यात उलटा वाहतो तो परत सुलटा होतो त्या सुमारास.

नाचगाण्यांसाठी: बोफाना सेंटर, नॉम पेनमध्येच. रिथी पान्ह या सिनेदिग्दर्शकाच्या पुढाकाराने २००६ ला सुरू झालं. देशाबद्दलच्या जुन्या फिल्म, रेडिओ, फोटो गोळा केलेत, कोणीही जाऊन संगणकावर बसून फुकट बघू शकतं, एक पैसा लागत नाही. त्यांची 'द मिसिंग पिक्चर' (२०१३) मातीच्या बाहुल्यांतून सांगितलेली आठवण आहे, ती घरीच बघून या. आणि साठच्या दशकातला ख्मेर रॉक ऐका! सिन्न सिसामूथ, रोस सेरेयसोथिया. हे दोघंही १९७५ नंतर परतले नाहीत. २०१४ ची 'डोन्ट थिंक आय हॅव फरगॉटन' ही डॉक्युमेंटरी त्या सगळ्या पिढीवर आहे, माझ्या मते या देशाची ओळख करून घ्यायला कुठल्याही गाईडबुकाआधी ती बघावी. बाटमबाँगची फारे सर्कसही बघा, सिएम रीपला रोज खेळ असतो, प्राणी नाहीत, नुसती पोरं उड्या मारतात आणि गोष्ट सांगतात.

वऱ्हाडी_ठेचा

हे रॉकवाले ऐकले आत्ता यूट्यूबवर. काय जबरदस्त आहे राव! हे कोणी सांगितलं काहून नाही आधी.

कर्वेनगरकर

अवांतर: आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते ९३ अंकोर वाटवर काम केलं, १९८० मध्ये भारताने तिथल्या नव्या सरकारला मान्यता दिली होती त्या पार्श्वभूमीवर. त्यावरही वाचायला मिळतं, दोन्ही बाजूंचं. रसायनांनी दगड घासून साफ केला म्हणून बरीच टीका झाली, दुसरीकडे युद्ध चालू असताना दुसरं कोणी यायला तयार नव्हतं तेव्हा आपली माणसं गेली हेही खरं. नंतर ता प्रोह्मचं काम त्यांच्याकडेच आलं. गाईडला विचारलंत तर उत्तर त्याच्या मूडवर.

ओसरीवरची

सगळ्यांचे किती आभार मानू! नॉमपेनवाली ताई, तुम्ही इथे आहातच तर दोन व्यवहाराचे प्रश्न, आत्तापर्यंत टाळले होते. माहिती कुठली खरी मानायची? तिकिटाचे दर, व्हिसा, सीमा, प्रत्येक ब्लॉगवर वेगळं.

नॉमपेनवाली

ब्लॉगची तारीख बघायची, तारीख नसेल तर सोडून द्यायचा. हे विनोदाने नाही म्हणत, इथे पटापट बदलतं. सिएम रीपचा विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून नवीन जागी आहे, शहरापासून बराच लांब, पण अजून निम्मे ब्लॉग "विमानतळावरून टुकटुकने पंधरा मिनिटं" लिहितात. नॉम पेनचाही सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन सुरू झाला.

अंकोरचा पास फक्त अधिकृत, अंकोर एंटरप्राइजच्या साइटवर किंवा त्यांच्या खिडकीवर. २०१७ पासून ३७, ६२ आणि ७२ डॉलर, एक, तीन आणि सात दिवसांचा. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत केव्हाही तीन, त्यामुळे वयस्कर माणसं सोबत असतील तर हाच, मधे विश्रांती. खांदे गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर अंकोर वाटच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. तो वरचा मजला बौद्ध उपोसथाच्या दिवशी बंद असतो आणि जिना भयंकर उभा आहे, बाबांना आधी खालून दाखवा मग ठरवा.

व्हिसाचा फॉर्म भरताना पत्ता सरकारी आहे ना, शेवटी गव्ह डॉट केएच आहे ना बघा, हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट भरपूर आहेत आणि त्या वर पैसे घेतात. थायलंडमधून रस्त्याने यायचा बेत असेल तर सोडा, २०२५ मध्ये सीमेवर गोळीबार झाला आणि ठाणी बंद पडली, तेव्हापासून तिकडचं रोज बघूनच ठरवायचं. त्यामुळे प्रेआ विहेअरला (सीमेवरचं देऊळ) जायचं मनात असेल तर भारतीय दूतावासाची सूचना बघितल्याशिवाय नको. तो वाद मात्र वाचण्यासारखा आहे, १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने देऊळ कंबोडियाचं ठरवलं, निकाल ऑनलाइन आहे, सगळं भांडण एका फ्रेंच नकाशावरून.

शाकाहारी असाल तर "मासे नको" एवढ्याने भागत नाही, प्राहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा आणि फिश सॉस भाजीतही असतो. दोन्हींची नावं घेऊन सांगा. आणि डॉलरची फाटकी, दुमडलेली नोट आणू नका, कोणी घेत नाही.

ओसरीवरची

टिपून घेतलं. बाबांनी ग्लेझची पीडीएफ प्रिंट काढायला दिली पण, पूर्ण! झेरॉक्सवाल्याने विचारलं कुठल्या परीक्षेला बसताय.

शिवशंभो_७७

मजुमदारांचं कंबुजदेश आर्काइव्हवर सापडलं, वाचायला घेतलंय. तोंडलीभात, तुमचं ते हायमचं पुस्तक भारतात मिळतं का, किंमत फार दाखवतायत.

तोंडलीभात

जुनी प्रत शोधा, नवीन घ्यायची गरज नाही. नाहीतर पुणे मुंबईतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसून वाचू देतात का ते विचारून बघा. तोवर चौ तागुआन वाचा, स्वस्त आहे आणि त्याला कोणाचीच बाजू घ्यायची नाहीये, त्याला सगळेच रानटी वाटतात.

हळदीकुंकू_डॉट_कॉम

सुंदर धागा. असाच लाओसवर कोणी काढेल का? आम्ही तिकडे चाललोय आणि लुआंग प्रबांगशिवाय काही सापडत नाही.

जुनं_दप्तर

तुम्हीच काढा, आम्ही येतो. सुरुवात दक्षिणेपासून करा, वाट फू म्हणून देऊळ आहे, २००१ पासून जागतिक वारशात, आणि तेही ख्मेरच. तिथल्या देवानीक राजाच्या लेखात त्याने आपल्या तीर्थाला कुरुक्षेत्र नाव दिल्याचं येतं. नंबर के ३६५.